खुन्याच्या घराची जागा सरकारजमा होते का?

सिरियल किलरचं घर पाडलं की जागा कायमची सरकारजमा, तिथं परत बांधकाम नाही, असा मेसेज सोलापुरात नव्या पेठेतल्या चहाच्या गाड्यापासून फॅमिली ग्रुपपर्यंत फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे की, इंग्लंडात ग्लॉस्टरमधलं असं घर 1996 ला पाडून तिथं खरंच पायवाट केली, लोक आठवण म्हणून विटा उचलतील म्हणून मलब्याचा चुरासुद्धा केला. पण तो त्या एका जागेपुरता निर्णय. शिकागोजवळचं तसंच घर 1979 ला पाडलं आणि नंतर त्याच जागेवर नवीन घर उभं राहिलं, नंबर तेवढा बदलला. आपल्याकडं खुनाला फाशी नाहीतर जन्मठेप, वर दंड, घरजप्ती त्यात नाही. एखाद्या प्लॉटची शंका असली तर सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढा, मालक कोण ते त्यावर लिहिलेलं असतं.