मधुमेही आणि हृदयरुग्णांमधलं नैराश्य: विचारण्यापासून पाठपुराव्यापर्यंत

2006 मध्ये ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिशनरांच्या (फॅमिली डॉक्टरांच्या) मोबदल्यात एक निकष वाढला. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णाला दोन प्रश्न विचारल्याची नोंद हवी: गेल्या महिनाभरात उदास, निराश वाटलं का? कशात रस किंवा आनंद वाटेनासा झाला का? पैसे या नोंदीचे मिळत. निदान झालं तर तीव्रता मोजण्याचा वेगळा निकष होता, पण रुग्ण सुधारला का, याचे पैसे नव्हते. मग वार्षिक तपासणीत पाय, वजन, रक्तदाब बघता बघता हे प्रश्न उरकले जाऊ लागले. घाईत विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. 2013 मध्ये निकष काढून टाकला गेला. विचारणं चूक नव्हतं. विचारल्यानंतरची सोयच नव्हती, आणि ही चूक अजूनही होते.

मोजण्याचा घोळ वेगळा. नैराश्य मोजायच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत प्रत्येकाला 0 ते 3 गुण असतात आणि 10 पासून पुढे नैराश्याचा संशय धरतात. रात्री चारदा लघवीला उठणाऱ्या मधुमेहीचे झोप, थकवा आणि भूक एवढ्यावरच 9 गुण होऊ शकतात. म्हणून शारीरिक लक्षणं वगळावीत, असं काहींचं म्हणणं. पण वगळली की खरं नैराश्यही निसटतं. गुण सगळे धरावेत, मात्र उदासी आणि रस नसणे या पहिल्या दोन उत्तरांकडे आधी पाहावं, हेच बरं.

अमेरिकेत 2004 च्या एका चाचणीत मधुमेहींचं नैराश्य कमी झालं, एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, मात्र हलली नाही. मनाचे उपचार केले म्हणून साखर आपोआप उतरत नाही. 2010 च्या वॉशिंग्टन राज्यातल्या चाचणीत 214 रुग्ण होते. तिथे परिचारिका दर दोन-तीन आठवड्यांनी रुग्णाला भेटे आणि आठवड्याला मानसोपचारतज्ज्ञ व फिजिशियन यांच्यासोबत रुग्णांची यादी तपासे. लक्ष्य गाठलं नाही तर डोस बदले. नैराश्याच्या गोळीचा, तसाच इन्सुलिनचा आणि रक्तदाबाच्या औषधाचाही. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि मन, चारही सुधारले. 2017 पासून अमेरिकेतली वृद्धांची सरकारी विमा योजना अशा पाठपुराव्याच्या वेळेचे पैसे देते: पहिल्या महिन्यात 70 मिनिटं, पुढे दरमहा 60.

भारतात चार मधुमेह केंद्रांतल्या 404 रुग्णांच्या चाचणीत हीच पद्धत नेहमीच्या उपचारांशी ताडून पाहिली गेली. हस्तक्षेप 12 महिन्यांचा, मोजणी 24 महिन्यांनी. नैराश्य किमान निम्म्याने कमी आणि साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी किमान एकात सुधारणा, असे 71.6 टक्के निघाले. नेहमीच्या उपचारांत 57.4.