लॅपटॉपमध्ये साठलेली वाय-फायची जुनी नावं

‘नवा राउटर बसवला, मोबाइलवर नेट चालतंय, पण लॅपटॉप काही केल्या लागत नाही.’ आमच्या दांडिया बाजारातल्या काउंटरवर हे वाक्य आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकू येतं. बहुतेक वेळा राउटरही धड असतो आणि लॅपटॉपही. राउटरचं नाव जुनंच ठेवलेलं असतं, पासवर्ड मात्र नवा. लॅपटॉप आपला जुनाच पासवर्ड पुढे करत बसतो.

उपाय घरीच होतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘वाय-फाय’, मग ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’. आजवर जोडलेली सगळी नावं तिथे दिसतील. हव्या त्या नावापुढचं ‘फरगेट’ दाबा आणि नवा पासवर्ड घालून पुन्हा जोडा. विंडोज १० मध्येही वाट हीच, फक्त आधी नावावर क्लिक केल्यावर ‘फरगेट’ दिसतं.

राउटर अजून बदलायचाच असेल, तर आमचं ऐका: नाव आणि पासवर्ड दोन्ही जुनेच ठेवा. टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा सहसा आपोआप जोडले जातात, आमची फेरी वाचते आणि तुमचे पैसेही.

‘फरगेट’ दाबलं की साठवलेला पासवर्डही जातो, म्हणून तो आधी लिहून घ्या. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत त्याच यादीत नावावर क्लिक केलं की ‘व्ह्यू वाय-फाय सिक्युरिटी की’ असा पर्याय येतो. (उघडा लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती देताना हेही लक्षात असू द्या.)

परवा एका काकांच्या लॅपटॉपची यादी उघडली. पुण्याच्या लेकीचं घर, दोन लग्नाचे हॉल, सोमनाथचं हॉटेल, सोडून दिलेल्या भाड्याच्या घराचा राउटर! काका हसले, म्हणाले, ‘असू द्या, आठवणी आहेत.’ घरांची नावं ठेवली, हॉटेल आणि हॉलची काढली. त्या नेटवर्कना पासवर्डच नव्हता, आणि अशा वेळी लॅपटॉप फक्त नाव ओळखतो. तेच नाव देऊन कोणीही हॉटस्पॉट सुरू केला, तर तो मुकाट जाऊन जोडला जातो. स्टेशनवरचं रेलवायर वापरत असाल तर नाव राहू द्या, पण ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ची खूण काढा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटचं नाव काढायचं कारण नाही. त्याला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवा, म्हणजे विंडोजचे मोठे अपडेट सहसा तुमच्या डेटावर उतरणार नाहीत.

मॅकवाल्यांसाठी: सिस्टिम सेटिंग्ज, ‘वाय-फाय’, खाली ‘अ‍ॅडव्हान्स्ड’. आयक्लाउड किचेन (अ‍ॅपलच्या सगळ्या उपकरणांत पासवर्ड सारखे ठेवणारी सोय) चालू असेल तर मॅकवरून काढलेलं नाव आयफोनवरूनही जातं, तेव्हा जरा जपून.

एवढं करूनही लागलं नाही तर लॅपटॉप घेऊन या, चार्जरसकट. यादी साफ करायचे आम्ही पैसे घेत नाही.