शिलावर्तुळांतील मानवी अस्थी (विदर्भ)

विदर्भातील बृहदश्मयुगीन (मोठ्या दगडांची वर्तुळे रचून केलेल्या) दफनांत मिळालेली माणसांची हाडे व दात. त्या काळच्या लोकांचे खाणे, आजारपण आणि कष्ट यांचा हा सर्वांत थेट पुरावा होय. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील काही वर्तुळे ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी १८६७ मध्ये उकरली. पुढे टाकळघाट-खापा, माहूरझरी, नैकुंड इ. ठिकाणी उत्खनने झाली, त्यांत पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांचे काम पायाभूत आहे. दफनांचा काळ सामान्यतः इ. स. पू. पहिल्या सहस्रकाचा पूर्वार्ध व मध्य असा धरतात.

हे लोक मूळचे कोण, हा वाद जुना आहे. घोड्यांची दफने व साज पाहता ते भटके पशुपालक असावेत, असे लेश्निक यांच्यासारख्या अभ्यासकांना वाटले. उलट नैकुंड आणि भागीमोहारी येथे वस्तीचे थर व जळके धान्य मिळाले, नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीही. त्यामुळे शेती व गुरे राखणारा, गावे करून राहणारा समाज हे मत अधिक ग्राह्य वाटते. या वादात दाताची साक्ष मोलाची ठरू शकते. बालपणी खाल्ल्याप्यायल्यातून स्ट्राँशियम हे खडकातून माती-पाण्यात उतरणारे मूलद्रव्य दंतवल्कात (दाताच्या कठीण बाह्य थरात) बसते, ते आयुष्यभर बदलत नाही. त्याच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे) गुणोत्तर पश्चिमेकडील काळ्या बेसाल्टात कमी, तर पूर्व विदर्भातील अतिप्राचीन पट्टिताश्मात (नाइस खडकात) जास्त असते. नागपूरचा परिसर या दोन खडकांच्या सीमेवर आहे. म्हणून येथे पुरलेला माणूस कोणत्या बाजूला वाढला, हे एका दाढेवरून ताडता येते.

हाडांची स्थिती मात्र बिकट असते. भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या ओढाताणीत कवट्या चेपतात, बरगड्यांचे तुकडे होतात. शिवाय अनेक वर्तुळांत हाडे मुळातच विस्कळीत असतात. दात तेवढे टिकतात.

समोरच्या कायमच्या दातावरून नख फिरवले, तर कधी आडवी खाच लागते. दातावर वल्क चढत असताना उपासमार किंवा दीर्घ ताप आला, की ही खाच उमटते. दाताच्या शिखराच्या (हिरडीबाहेरील भागाच्या) मध्यावर असल्यास ती साधारणतः दोन-तीन वर्षांच्या वयातली, म्हणजे अंगावरचे दूध सुटण्याच्या सुमाराची असते. पण खाच असलेले मूल त्या दुखण्यातून वाचलेले असते. जे त्यातच गेले, त्याचे दात निर्मळ दिसतात. हा विरोधाभास जेम्स वुड व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ठळकपणे मांडला. खाचांच्या मोजणीवरून गावाचे आरोग्य ठरवताना तो विसरता कामा नये.

मणके जुळून ताठ झालेली पाठ दिसली, तर ती निव्वळ ओझी वाहिल्याची खूण समजू नये. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात आजही फ्लोराइड जास्त आहे, आणि तसे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्याचे अस्थिबंध (हाडांना जोडणारे तंतू) हाडासारखे कडक होतात. अशा सांगाड्याच्या दातांवर फ्लोराइडमुळे पडणारे तपकिरी डाग आहेत का, हे आधी पाहावे लागते.