भाड्याने दिलेल्या मालमत्तेवरील घसारा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"गाळा भाड्याने दिला आहे, त्यावर घसारा किती टक्के मिळेल?" हा प्रश्न विवरणपत्रांच्या हंगामात आम्हाला वारंवार विचारला जातो, आणि त्याचे उत्तर आम्ही फोनवर देत नाही याबद्दल काही ग्राहक नाराजही होतात. यात टाळाटाळीचा हेतू नाही. घसारा म्हणजे वापराने व काळाने मालमत्तेच्या किमतीत होणाऱ्या घटीपोटी प्राप्तिकरात मिळणारी वजावट; तिचा दर सांगायला अर्धा मिनिट पुरतो. मात्र तो दर आपल्याला लागू होतो की नाही, हे भाड्याचे उत्पन्न प्राप्तिकर कायद्याच्या कोणत्या सदरात, म्हणजे उत्पन्नाच्या कोणत्या वर्गात, मोडते यावर अवलंबून असते आणि ते करारनामा वाचल्याशिवाय ठरत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक अशी की, गाळा दुकानाचा किंवा कार्यालयाचा आहे म्हणून त्याचे भाडेही धंद्याचे उत्पन्न आहे असे गृहीत धरले जाते. मालक स्वतः तेथे व्यवसाय करत नसेल, तर इमारतीचे भाडे, मग ती इमारत व्यापारी वापराची का असेना, सर्वसाधारणपणे 'हाऊस प्रॉपर्टी' या सदरातच जाते. भाडे चालू खात्यात जमा होते किंवा त्यावर जीएसटी आकारला जातो, एवढ्याने सदर बदलत नाही. या सदरात घसारा नाही, दुरुस्तीचा खर्च नाही, विम्याचा हप्ताही नाही. त्या सर्वांच्या बदल्यात कायदा सरसकट ३० टक्के वजावट देतो. उदाहरणार्थ, वार्षिक भाडे ४,८०,००० रुपये असेल आणि मालकाने त्याच वर्षात ३०,००० रुपये मालमत्ता कर प्रत्यक्ष भरला असेल, तर उरलेल्या ४,५०,००० रुपयांवर १,३५,००० रुपयांची वजावट मिळते, मग खर्च एक रुपयाही झालेला नसो. कर्जाचे व्याज याशिवाय वेगळे मिळते. जुन्या गाळ्यांच्या बाबतीत ही वजावट घसाऱ्यापेक्षा बरीच मोठी ठरते, हे आकडेमोड समोर ठेवल्यावर ग्राहकांच्या लक्षात येते.

काही ग्राहक सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा चेन्नई प्रॉपर्टीज प्रकरणातील निकाल आम्हाला अगत्याने पाठवतात. त्या प्रकरणात भाड्याला व्यवसायाचे उत्पन्न मानले गेले हे खरे आहे. परंतु मालमत्ता भाड्याने देणे हाच त्या कंपनीचा मुख्य उद्देश होता आणि तिचे उत्पन्नही त्यातूनच येत होते. त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये राज दादरकर प्रकरणात केवळ भागीदारी पत्रातील उद्देशाच्या कलमावर विसंबून तसा दावा मान्य करण्यास नकार दिला. एकदोन गाळ्यांच्या मालकाने पहिला निकाल दाखवावा आणि दुसरा सोडून द्यावा, हे आम्हाला सुरक्षित वाटत नाही. निवासी घरांबाबत तर आता वादालाही फारशी जागा उरलेली नाही, कारण आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून मालकाला मिळणारे निवासी घराचे भाडे व्यवसायाच्या सदरात दाखवता येत नाही.

घसाऱ्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो फर्निचर, वातानुकूलन यंत्रे, जनरेटर यांसह दिलेल्या कार्यालयांच्या बाबतीत. इमारत आणि साहित्य यांचे भाडे एकमेकांपासून वेगळे करता येण्यासारखे नसेल आणि ते व्यवसायाच्या सदरात मोडत नसेल, तर संपूर्ण भाडे 'इतर उत्पन्न' ठरते आणि दोन्हींवर घसारा मिळतो; वेगळे करता येत असेल, तर इमारतीचे भाडे हाऊस प्रॉपर्टीत जाते आणि घसारा केवळ साहित्यावर उरतो. साहित्याशिवाय ती जागा भाडेकरूने घेतली असती का, आणि दोन्हींचा उपभोग एकत्रच व्हावा असा उभयपक्षी हेतू होता का, हे यातले कळीचे प्रश्न आहेत. म्हणूनच करारातील एकच ठोक रक्कम किंवा दोन स्वतंत्र रकमा, साहित्याची जोडलेली यादी आणि तिच्यासाठीची वेगळी अनामत, या गोष्टींना आम्ही इतके महत्त्व देतो.

जेथे घसारा मिळतो तेथे निवासी इमारतीला ५ टक्के, अन्य इमारतींना सामान्यतः १० टक्के, फर्निचर व विद्युत जोडण्यांना १० टक्के आणि सर्वसाधारण यंत्रसामग्रीला १५ टक्के असे दर आहेत. संमिश्र वापराच्या इमारतीत एकूण बांधीव क्षेत्राच्या किमान दोन तृतीयांश भागाचा वापर निवासासाठी असेल, तर ती निवासी धरली जाते. खरेदीच्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी असल्यास दर निम्मा होतो. जमिनीवर घसारा कधीच मिळत नाही. हे १९६७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने स्पष्ट आहे. तरीही जमीन, बांधकाम आणि आतील सामान यांची मिळून एकच रक्कम लिहिलेला कागद आमच्याकडे येतो आणि ती रक्कम फोडण्यातच आमचे व आपले दिवस जातात.

भाड्याच्या जागेत व्यवसाय करणाऱ्यांनी पार्टिशन, फॉल्स सीलिंग किंवा वाढीव बांधकामावर केलेल्या भांडवली खर्चावर, जागा त्यांच्या मालकीची नसली तरी, इमारतीप्रमाणे घसारा मिळतो. त्याची बिले जपून ठेवावीत.

घसाऱ्याची दुसरी बाजू फारसे कोणी विचारत नाही. ज्या मालमत्तेवर तो घेतला आहे ती विकल्यावर होणारा नफा, मालकी कितीही वर्षांची असली तरी, अल्पकालीन भांडवली नफा धरला जातो. चुकीच्या सदरात काही वर्षे घसारा घेतला गेला असेल, तर प्रत्येक वर्षाची शिल्लक किंमत (घसारा वजा जाता उरलेली किंमत) नव्याने मांडावी लागते, आणि या कामाचे शुल्क आम्ही वेगळे आकारतो.

मालकांनी करारनामा, खरेदीखत, साहित्याची बिले आणि मालमत्ता कराच्या पावत्या एकत्र पाठवाव्यात. मग दराचे उत्तर आम्ही लेखी देऊ. नवा भाडेकरार करणार असाल, तर नोंदणीपूर्वी त्याचा मसुदा आम्हाला दाखवावा. आमच्या वार्षिक ग्राहकांसाठी मसुदा वाचण्याचे वेगळे शुल्क नाही, आणि नोंदणीनंतर तो दुरुस्त करण्यापेक्षा हे नक्कीच स्वस्त पडते.