'स्मोक ऑन द वॉटर'मधला धूर गांजाचा नाही

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या या गाण्यातला धूर म्हणजे गांजा, असं वर्षानुवर्षं ठासून सांगितलं जातं. खुद्द बँडलाही हे शीर्षक नशेचं वाटेल अशी धास्ती होती. प्रत्यक्षात गाणं म्हणजे जवळपास बातमीच आहे.

४ डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कॅसिनोत अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झप्पाचा कार्यक्रम चालू होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा उडवणारं पिस्तूल) झाडली आणि अख्खी इमारत जळाली. सुदैवाने कुणी दगावलं नाही. डीप पर्पल तिथेच अल्बम ध्वनिमुद्रित करायला आले होते. जिनिव्हा सरोवरावर पसरलेला धूर त्यांनी हॉटेलातून पाहिला. शीर्षक बासवादक रॉजर ग्लोव्हरला सुचलं, तेही झोपेतून जागा होताना! गाण्यातला 'फंकी क्लॉड'सुद्धा खराच: पोरांना बाहेर काढणारे माँत्रोच्या जॅझ महोत्सवाचे संचालक क्लॉड नॉब्स.

मूळ वाद्यसंगीत मुद्रित झालं एका थिएटरात, रात्री. आवाजाने शेजारी वैतागले, पोलीस दारात. मग बाकीचा अल्बम ओस पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात, गाद्या लावून. तो 'मशीन हेड', १९७२चा.

आता रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून. गिटार शिकणारा प्रत्येक जण ती वाजवतो, आणि बहुतेक जण चुकीची. ते नेहमीचे पॉवर कॉर्ड (सा आणि प एकत्र) घेऊन पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीने, खालच्या दिशेने खरडतात. बँडचा तेव्हाचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर दोन शेजारच्या तारा एकदमच बोटांनी छेडतो, आणि त्या दोन स्वरांत अंतर असतं सा-म चं, सा-प चं नव्हे. एकदा तसं वाजवून बघा, कानाला लगेच कळतं.