धप आधी की टप आधी? जॅब आणि जुन्या वळणाचा सरळ डावा

लालबागच्या आमच्या व्यायामशाळेत एक पोरगा दोन महिने बॉक्सिंगच्या बॅगवर डाव्या हाताचा घाम काढतोय. त्याची तक्रार एकच. "दादा, व्हिडिओत तो माणूस जॅब मारतो तर बॅग पार मागे जाते. माझी नुसती हलते." मी म्हटलं, दाखव तो व्हिडिओ. पाहिला, आणि लक्षात आलं की तो माणूस जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मारतच नव्हता. तो मारत होता शंभर वर्षांपूर्वीच्या वळणाचा सरळ डावा ठोसा. इंग्रजीत त्याला जोल्ट म्हणायचे, म्हणजे हिसका, दणका.

घोटाळा होणं साहजिक आहे. दोन्ही डाव्या हाताने, दोन्ही सरळ, दोन्हींत डावा पाय पुढे सरकतो. फोटो काढलात तर सहजी ओळखू येणार नाही. आपल्याकडे तर गल्लीत कुठल्याही ठोशाला 'फाइट' म्हणून मोकळे होतात, त्यामुळे नावाचाही उपयोग नाही. (इथे सगळं उजव्या हाताच्या माणसाचं सांगतोय. डावखुऱ्यांनी पाय आणि हात उलटे करून वाचावं.)

जॅब कळायला कबड्डी आठवा. लालबाग-परळमध्ये वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. चढाई करणारा पुढे वाकून हात टाकतो, बोट लागलं न लागलं की परत. त्याचं वजन सगळं पुढे गेलं, तर कोपऱ्यातला गडी घोटा धरतो आणि खेळ खलास. जॅबचं तसंच आहे. मागच्या पायाने रेटा द्यायचा, खांदा पुढे फेकायचा, हात सुटतो तसाच त्याच रेषेत गालापाशी परत यायचा. लागला तर उत्तम. नाही लागला तरी अंतर कळलं, समोरच्याचे हात वर गेले, त्यानंतरच्या उजव्या ठोशाची वाट मोकळी झाली. जॅब मारून झाल्यावरही तुम्ही तुमच्या पायांवर उभे असता. त्याची खरी कमाई ही आहे.

याचा अर्थ जॅब म्हणजे टपली असं नव्हे. सनी लिस्टन किंवा लॅरी होम्स या हेवीवेट जगज्जेत्यांचा जॅब खाल्लेल्यांना हे विचारायला हवं होतं. पण तो जोर हात, खांदा आणि मागच्या पायाचा असतो.

आता दुसरा. यासाठी लोकलच्या डब्यात या. संध्याकाळची गर्दी, मोटरमनने मध्येच ब्रेक मारला आणि मागचा माणूस तुमच्यावर कोसळला. त्याने हाताने ढकललेलं नाही, त्याला राग आलेला नाही, बिचारा "सॉरी, सॉरी" म्हणतोय. तरी तुम्ही दोन पावलं पुढे गेलेले असता. कारण तुमच्यावर आला तो त्याचा हात नव्हता, अख्खा माणूस होता. आणि एक बारीक गोष्ट बघा: त्याचा पाय पुढे जमिनीला टेकला की धक्का तिथेच संपतो. वजन फरशीने घेतलं, तुमच्यासाठी काही उरलं नाही.

जुना सरळ डावा म्हणजे असं मुद्दाम कोसळणं, फक्त पुढे ताठ हात आणि मूठ घेऊन. उभं राहताना वजन पुढच्या, डाव्या पायावर ठेवायचं. मागच्या पायाची टाच उचललेली, चवड्यावर. मग कसलीही तयारी न करता, मागे न झुलता, डावा पाय एकदम उचलून पुढे टाकायचा. ज्या खांबावर छप्पर उभं होतं तो खांबच काढला, तर छप्पर खाली येणारच. मागच्या पायाचा चवडा त्या पडण्याला पुढची दिशा देतो. हात या सगळ्याच्या पुढे असतो, आणि पाय टेकायच्या आत मूठ लागलेली असते.

थोडा हिशेब करू. ७० किलोच्या माणसाचा एक अख्खा हात साधारण साडेतीन किलोचा. बाकीचे साडेसहासष्ट किलो मागे उभे राहून गंमत बघत असतात. शरीर मोकळं सोडून नुसतं ५ सेंटीमीटर खाली आलं, तरी त्याला सेकंदाला सुमारे १ मीटर वेग मिळतो. हाताच्या वेगापुढे हे काहीच नाही, हे खरं. पण हा वेग साडेतीन किलोला नाही, सगळ्या देहाला मिळालेला असतो. म्हणून जोल्ट बघताना संथ वाटतो आणि लागतो जड.

दोन्हींतला फरक डोळ्यांना पटकन दिसत नाही, पण कानांना कळतो. आमच्याकडे खाली शहाबादी फरशी आहे, त्यामुळे ऐकणं सोपं. त्या पोराला बॅगसमोर उभं केलं आणि बाकीच्यांना दोन मिनिटं गप्प बसवलं, हेच सगळ्यात अवघड काम होतं. बॅगवर मूठ लागते तो आवाज 'धप', पाय फरशीवर पडतो तो 'टप'. जोल्टमध्ये धप आधी, टप नंतर, अगदी लागून. त्याचं येत होतं टप-धप, टप-धप. म्हणजे आधी पाय टेकवून वजन फरशीला देऊन टाकायचं आणि मग उरलेल्या नुसत्या हाताने बॅगला मारायचं. जॅबमध्ये दोन्ही आवाज एकत्र आले तरी चालतं, अनेक जण मुद्दाम तसंच शिकवतात. जोल्टमध्ये हा क्रम चुकला की तो जोल्ट राहत नाही, हळू मारलेला जॅब होतो. म्हणजे दोन्हीकडचं वाईट तेवढं पदरात.

दुसरा फरक मुठीचा. जुन्या ठोशात मूठ उभी, अंगठा वर, टपरीवर कटिंगचा ग्लास धरतो तशी. आजच्या जॅबमध्ये शेवटच्या क्षणी मूठ फिरते आणि तळवा जमिनीकडे येतो, ग्लास असता तर चहा सांडला असता. फिरण्याचा फायदा असा की खांदा आपोआप वर येतो आणि हनुवटी झाकतो. उभ्या मुठीचा फायदा असा की कोपर खालीच राहतं आणि खांद्यापासून मुठीपर्यंत हाडं एका ओळीत येतात. मागून साठ-सत्तर किलो येणार असतील तर ही ओळ सरळ असलेली बरी. ब्रूस लीच्या सरळ ठोशातही मूठ अशीच उभी दिसते.

हे मी मनगट गमावून शिकलो. पावसाळ्यातले दिवस, मुठीला गुंडाळायचं बँडेज ओलं होतं म्हणून दोन वेढे कमी मारले, आणि जोल्टच्या नादात सवयीने शेवटी मूठ फिरवली. बॅग हलली, मनगट दुमडलं. तीन आठवडे क्रेप बँडेज आणि लोकलमध्ये उजव्या हाताने लोंबकळणं. नुसत्या जॅबने एवढं झालं नसतं, कारण मागे एवढं ओझंच नसतं.

मुठीचा कुठला भाग लागावा, यावर भांडण जुनं आहे. आज सगळे तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडांनी मारायला शिकवतात. जोल्टचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता जॅक डेम्प्सी मात्र सांगायचा की जोराची रेषा खांद्यातून निघून करंगळीच्या हाडापर्यंत जाते. भिंतीला सरळ हाताने उभी मूठ टेकवून अंग रेलून पाहा, भार खालच्या हाडांवर आलेला कळेल. रेषा म्हणून त्याचं बरोबर आहे. पण करंगळीमागचं तळहाताचं हाड बारीक असतं, आणि मुठीने मारून ते मोडणं इतकं नेहमीचं की डॉक्टर त्या मोडण्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात. माझं मत विचाराल तर मधल्या आणि अनामिकेच्या हाडांवर लागू द्या, आणि बँडेज कोरडं ठेवा.

डेम्प्सी कोण, हे नव्या पोरांना माहीत नसतं. अमेरिकेच्या कोलोरॅडोतल्या मॅनासा गावचा, १८९५ चा जन्म. खाणकामगारांच्या वस्त्यांत, दारूच्या गुत्त्यांत 'किड ब्लॅकी' नावाने पोटासाठी लढायचा. ४ जुलै १९१९ ला टोलेडोमध्ये त्याने आपल्यापेक्षा बऱ्याच उंच जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडलं आणि हेवीवेटचा जगज्जेता झाला. १९२६ मध्ये जीन टनीकडून हरेपर्यंत ते पद त्याच्याकडे होतं. म्हणजे आपल्याकडे १९२५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी अमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशन निघालं, तेव्हा जगज्जेता डेम्प्सीच होता. पुढे १९५० मध्ये त्याने या तंत्रावर पुस्तकच लिहिलं. नुसत्या टपल्या मारणाऱ्या जॅबवर त्याचा भारी राग.

मग असला ठोसा मागे का पडला? थोडं श्रेय हातमोज्यांना. थोडं गुणांना. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपासून संगणकावर गुण मोजू लागले: पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं की एक गुण. ठोसा हलका की भारी, हिशेब नाही. अशा वेळी सगळा देह फेकायला कोण जाईल? लागला की गुण, निघा परत, पुन्हा कबड्डी. २०१३ मध्ये ती पद्धत गेली, पण एका पिढीचे कोच तिच्यात तयार झाले होते.

पण सगळा दोष गुणांवर टाकणंही खरं नाही. जोल्ट चुकला तर महाग पडतो. अंग हवेत सोडलेलं असतं, मध्येच थांबता येत नाही, समोरचा अर्धं पाऊल बाजूला झाला की तुम्ही आपणहून त्याच्या उजव्या हातावर चालून जाता. हलका जॅब मात्र अर्ध्यातून मागे घेता येतो. म्हणून सराव-लढतीत मी पोरांना जोल्ट मारू देत नाही. दोन-तीन जॅब टाकून समोरच्याला मागच्या पायावर बसवलं, तो रिंगच्या दोरापाशी अडकला, तरच त्याचा विचार. पहिलाच ठोसा जोल्ट मारणारा माणूस एक तर डेम्प्सी असतो किंवा थोड्या वेळाने खाली बसलेला असतो.

उजव्या सरळ ठोशाबाबत एवढा गोंधळ होत नाही, कारण तिथे कंबर आणि खांदा फिरवल्याशिवाय कुणाचंच भागत नाही. पाऊल टाकून मारलात तर धप-टपचा नियम तिथेही तोच.

पोराची गोष्ट राहिली. त्याला आठवडाभर बॅगला हात लावू दिला नाही. भिंतीपासून दीड हातावर गादी उभी करून नुसतं पाय उचलून तिच्यावर पडायला लावलं, हात पुढे, मूठ ग्लास धरल्यासारखी. पहिल्या दिवशी पडायची भीती, पाय आधीच खाली. चौथ्या दिवशी एकदा नीट आवाज आला, धप-टप, आणि तो स्वतःच दचकला. आता वेगळीच पंचाईत झाली आहे. जॅब मार म्हटलं तरी तो कोसळतोच. काल जोडीदाराने बाजूला होऊन त्याच्या कानाखाली हलकेच एक ठेवून दिली. "दादा, हा जॅब नव्हता का?" म्हणाला. म्हटलं, तुझा नव्हता, त्याचा होता.