कार्टर यांच्या कामगिरीत काय टिकलं? पार्श्वभूमी पनामा कालव्याची

अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून जिमी कार्टर यांच्या चार वर्षांचा विषय निघाला की तेहरानमध्ये ओलीस धरलेले अमेरिकी, महागाई आणि कॅम्प डेव्हिडचा इजिप्त-इस्रायल समझोता हे ओघानं येतंच. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. (त्यांच्या आईंनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी येऊन विक्रोळीच्या दवाखान्यात काम केलं होतं, हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल.) विमान, ट्रक आणि रेल्वे वाहतुकीवरची सरकारी बंधनं त्यांच्याच काळात सैल झाली, अलास्कातली अफाट जमीन १९८० मध्ये संरक्षित झाली. तरी माझ्या मते कार्टर यांचा सर्वांत मोठा निर्णय १९७७ च्या पनामा करारांचा, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातला पनामा कालवा पनामा देशाकडे सोपवण्याचा.

‘कार्टरनी कालवा देऊन टाकला’ असं आजही म्हटलं जातं. सगळी गोम या ‘देऊन टाकला’मध्ये आहे. पनामा कोलंबियातून फुटून जेमतेम पंधरा दिवस झाले होते, तेव्हा १९०३ चा करार झाला. पनामाच्या वतीनं सही केली ती एका फ्रेंच माणसानं. अमेरिकेला कालव्यासाठी दहा मैल रुंदीचा पट्टा मिळाला आणि त्यावर ‘सार्वभौम असती तर’ जे अधिकार तिला असते ते सगळे मिळाले. या ‘असती तर’वर पुढे पाऊणशे वर्षं भांडण चाललं. सार्वभौम असणं आणि सार्वभौमासारखं वागण्याची मुभा असणं यांत फरक आहे. करार करणाऱ्यांना तो कळत होता, म्हणून तर त्यांनी तसं लिहिलं. विरोधक मात्र १९७६ च्या प्रचारात कालवा अलास्काइतकाच आपला असल्याचं सांगत फिरत होते. अलास्का रशियाकडून रीतसर खरेदी केलेला होता. इथं दरवर्षी पनामाला रक्कम मोजावी लागत होती. स्वतःच्या मालकीच्या जागेसाठी असं कोण मोजतं?

जानेवारी १९६४ मध्ये पट्ट्यातल्या एका अमेरिकी शाळेसमोर पनामाची मुलं आपला झेंडा घेऊन आली. ओढाताणीत तो फाटला, दंगल पेटली आणि वीसहून जास्त पनामावासी मेले. वाटाघाटी तिथून सुरू झाल्या. म्हणजे कार्टर यांच्याआधीच्या तीन अध्यक्षांनी हा विषय हाताळला होता, पण मतांची किंमत मोजायला कुणी तयार नव्हतं. कार्टरनी ती मोजली. सिनेटमध्ये ६७ मतं लागत होती. मार्च आणि एप्रिल १९७८ मध्ये दोन्ही करारांना प्रत्येकी ६८ मिळाली. बाजूनं मत देणारे कित्येक जण पुढच्या निवडणुकांत पडले.

एका करारानं कालवा ३१ डिसेंबर १९९९ ला पनामाकडे जायचा होता, दुसऱ्यानं तो सर्व देशांच्या जहाजांना कायम खुला राहायचा होता. पनामाला तो चालवता येणार नाही, हे भाकीत खोटं ठरलं. २००६ मध्ये सार्वमत घेऊन रुंदीकरण ठरलं आणि २०१६ मध्ये मोठ्या जहाजांसाठी नवी जलद्वारं सुरू झाली. २०२३ च्या दुष्काळात कालव्याला पाणी पुरवणारा गातून तलाव आटला तेव्हा जहाजांची संख्या कमी करावी लागली, पण वाहतूक थांबली नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये नव्यानं निवडून आलेल्या अध्यक्षांनी कालवा परत मागितला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला, शंभराव्या वर्षी, कार्टर गेले. वॉशिंग्टनमध्ये त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला गेला तो ९ जानेवारीला. पनामात ६४ च्या दंगलीतल्या मृतांचा हुतात्मा दिन याच तारखेला असतो.